नांदता गड



कोल्हापूरला पाहुणा आला की अंबाबाईचं दर्शन, मग रंकाळा आणि तिसरा पन्हाळा, हा आमचा ठरलेला क्रम. अंतर वीसेक किलोमीटर, गाडी थेट गडावर जाते. पाहुणे तीन दरवाजा बघतात, सज्जा कोठीतून खालचं खोरं न्याहाळतात, झुणका-भाकर आणि खर्ड्यावर ताव मारतात. उतरताना मात्र हमखास म्हणतात, "किल्ला झकास आहे, पण वर वस्ती फार झाली आहे हो!"

या वाक्याची मला गंमत वाटते. पन्हाळ्यावर वस्ती "झालेली" नाही, ती पहिल्यापासूनच आहे. रायगड-राजगडावर आपण जातो ते ओस पडलेली जोती बघायला. पन्हाळा मात्र आठशे वर्षं नांदतो आहे.

बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने गड उभारला आणि काही काळ इथूनच कारभार केला. पुढे आदिलशाहीत तटबंदी भक्कम झाली, दरवाजे झाले. गडावरच्या वास्तू नीट पाहिल्या तर त्या लढाईइतक्याच संसाराच्या खुणा आहेत. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठ्या म्हणजे धान्याची कोठारं. त्यातल्या एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असं सांगतात. अंधार बावडी म्हणजे वरून इमारत बांधून झाकलेली तीन मजली विहीर. वेढा पडला तर शत्रूने पाणी नासवू नये म्हणून केलेली ही सोय. धान्य आणि पाणी माणसांना लागतं, बुरुजांना नाही!

अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा पडला. बाजीप्रभूंचं बलिदान आपल्याला शाळेपासून पाठ असतं. महाराजांचं सोंग घेऊन मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद हा मात्र गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा न्हावी. म्हणजे गडाला वाचवायला गडाच्याच परिसरातला माणूस पुढे आला. हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे ताराराणींनी पन्हाळा राजधानी केला. याच गडावर त्यांनी राज्य केलं आणि १७१४ नंतर याच गडावर नजरकैदही भोगली. कविवर्य मोरोपंतांचा जन्मही १७२९ साली इथलाच. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापूरला आली. गादी खाली उतरली, पण गडकरी वरच राहिले.

हे गडकरी कोण? गडाची राखण करायची आणि त्याबद्दल मिळालेली जमीन पिढ्यान्पिढ्या कसायची, अशी ही घराणी. इंग्रजांनी कोल्हापूरच्या कारभारावर नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांनी जुनी व्यवस्था मोडून या जमिनींना हात घातला आणि १८४४ साली गडकरी उठले. सामानगड, भुदरगड, पन्हाळा पेटले. कर्नल ओव्हन्स या इंग्रज अधिकाऱ्यालाच त्यांनी पन्हाळ्यावर कैदेत ठेवलं. १ डिसेंबर १८४४ रोजी तोफांनी तट फोडून इंग्रज आत शिरले. नंतर त्यांनी चार दरवाजा पाडला, तटबंदी मोडली. आज तिथे दरवाजाचे अवशेषच काय ते उरलेत. तट गेले, गडकऱ्यांचा मानही गेला, पण गाव उरलं. ताराराणींच्या वाड्याने पुढे शाळा, वसतिगृह आणि सरकारी कचेऱ्या पाहिल्या. २०११ च्या जनगणनेत पन्हाळ्याची लोकसंख्या जेमतेम तीन हजारांवर होती, तरी त्याला स्वतःची नगरपरिषद आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे जुलै २०२५. त्या महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यात पन्हाळा आहे. आनंद तर झालाच! पण नामांकनाच्या वेळीच पन्हाळकरांनी आपली धास्ती बोलून दाखवली होती. घर दुरुस्त करता येईल का? धंदा राहील का? उद्या "खाली जा" म्हणतील का? ही भीती अगदीच हवेतली नाही. संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगीची अट, हे कायद्यात २०१० सालीच आलं. पन्हाळ्यासारख्या गावात शंभर मीटर म्हणजे चार-दोन गल्ल्या संपल्याच.

असंच एक गाव दूर व्हिएतनाममध्ये आहे, ह्वे नावाचं. १९४५ पर्यंत ती तिथल्या राजांची तटबंद राजधानी होती. युद्धाच्या धामधुमीत गोरगरिबांनी तटावरच घरं बांधली. १९९३ मध्ये ह्वे जागतिक वारसा झालं आणि २०१९ पासून सरकारने तटावरच्या हजारो कुटुंबांना नव्या वसाहतीत हलवायला सुरुवात केली. त्यांची घरं खरोखर हलाखीची होती, नवी पक्की मिळाली, हे खरं. पण पन्हाळकर युद्धात आसऱ्याला आलेले नाहीत. ते गडाचे वारस आहेत.

अर्थात वर सगळं आलबेल आहे असं नाही. पर्यटकांचा कचरा आणि हवी तशी बांधकामं यांनी गडाला त्रास होतोच. जुलै २०२१ च्या पावसात गडावर जाणारा रस्ताच खचला, म्हणजे डोंगर किती भार सोसेल यालाही मर्यादा आहे. शिस्त हवीच. पण ती शिस्त गडावरच्या माणसांना सोबत घेऊन लावायला हवी. शिवकाळात गडाची राखण म्हणजे गडावरच्या माणसांची पोटापाण्याची सोय, असंच समीकरण होतं. १८४४ मध्ये ते मोडलं आणि काय झालं ते वर सांगितलंच आहे.

असो. पुढच्या खेपेला पन्हाळ्याला जाल तेव्हा बुरुजांच्या मधल्या गल्ल्यांतूनही एक फेरी मारा. तिथल्या एखाद्या आजोबांशी दोन शब्द बोला. गड कसा राखतात, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.