खुराक आणि भाकर

चुलीला न लावलेले अन्न खाऊनच खरी ताकद येते, असे म्हणणाऱ्यांना खानदेशात पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. तालमीतला जुना खुराक त्यांच्याच बाजूचा वाटतो. रात्री भिजत घातलेले हरभरे, पाट्यावर वाटलेले बदाम, खसखस-मिरीची थंडाई, खारीक, धारोष्ण दूध. यातल्या कशालाही विस्तव लागत नाही. शिवाय ही परंपरा आजही जिवंत आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरी यांनी 2014 ते 2016 अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. तरीही हा पुरावा उलट्या बाजूने वाचला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. तालमीच्या भाषेत जेवण वेगळे आणि खुराक वेगळा. जोर-बैठकांनी झिजलेल्या अंगाला जेवणावर जी जास्तीची भर घालायची तो खुराक. भर घालायला आधी काहीतरी असावे लागते, आणि खानदेशात ते ‘काहीतरी’ म्हणजे भाकर होती. खुराकातले तूपसुद्धा लोणी कढवल्याशिवाय होत नाही.

यावर जळगावचा माणूस केळी पुढे करील, आणि त्यात गैर काहीच नाही. घड पिकताना फळातल्या पिठाची साखर होते, म्हणजे शिजवण्याचे निम्मे काम झाडानेच केलेले असते. धावण्यापूर्वी किंवा डावानंतर केळ्याइतके सोपे इंधन दुसरे मिळणे कठीण. पण केळीची ही मुबलकता जुनी नाही. 1880 च्या सुमाराचा खानदेश ज्वारी, बाजरी आणि कापसाचा होता. रावेर, यावल, सावद्याकडची केळी विहिरीच्या पाण्यावर आणि रेल्वेच्या वाघिणींवर वाढली ती मुख्यतः विसाव्या शतकात. भौगोलिक मानांकन तर 2016 चे. तेव्हा आपले पूर्वज केळ्यांवर पैलवान झाले, हा इतिहास नव्हे. हिशेबही तसे होऊ देत नाही. 100 ग्रॅम गरात साधारण 90 कॅलरी आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिन असते. कसून मेहनत करणाऱ्याला दिवसाला 4000 कॅलरी लागतात असे धरले, तर साडेचार किलो गर खावा लागेल. एवढे खाऊनही प्रथिने पन्नास ग्रॅमच्या आसपासच मिळतील, आणि ऐंशी किलोच्या मल्लाला त्याच्या दुपटीहून अधिक हवीत. ही तूट दाणे, हरभरे आणि दुधाने बरीच भरते, हे खरे. मात्र कच्च्या कडधान्यात प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. भिजवून, मोड आणून ते कमी होतात. शिजवल्याने बरेचसे नाहीसे होतात. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकर मला म्हणूनच फार मोलाची वाटते. ज्वारीत लायसिन कमी, उडदात भरपूर. एकाची उणीव दुसरा भरून काढतो, आणि ही जोडी पचनी पडते ती तव्यावर भाजल्यावर. कोवळी ज्वारीसुद्धा आपण आगटीत भाजून हुरडा करूनच खातो.

आता आक्षेप दोन. पहिला असा की सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा डोंगर चढतात-उतरतात, ते रानमेव्याच्या जोरावर. बोरे, टेंभरे, चारोळी ते खातात यात शंका नाही. पण ती हंगामाची साथ. पोट भरते ज्वारी-मक्याच्या भाकरीने आणि शिजवलेल्या डाळीने. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विस्तवाने क जीवनसत्त्व घटते, आणि अति शिजवलेल्या भाजीत फारसे काही उरत नाही. हे मान्यच करायला हवे. पण खानदेशी ताटाने त्यावर केव्हाच तोड काढली आहे. भाकरीशेजारी फोडलेला कांदा, हिरवी मिरची, लिंबू, मुळा आणि मूठभर ओले दाणे असतातच. कच्चे तिथे आहे, फक्त त्याच्यावर सगळे घर उभे केलेले नाही.

सगळे घर त्याच्यावर उभे करून पाहणारा सर्वांत प्रामाणिक माणूस म्हणजे गांधीजी. 1929 साली त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग साबरमतीत स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर केला, त्याचा वृत्तान्त छापत राहिले, आणि आमांशाने आजारी पडल्यावर काही महिन्यांतच तो सोडल्याचेही जाहीर केले. इच्छाशक्तीत ते कुठे कमी पडले असे कोण म्हणेल? त्यानंतर सत्तर वर्षांनी, 1999 मध्ये, जर्मनीतल्या गीसन येथील संशोधकांनी कच्चे अन्न खाणाऱ्या 513 स्त्री-पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे 30 टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. शरीराला ऊर्जा पुरत नसल्याची ही ठळक खूण, आणि ते सगळे खेळाडू होते असेही नाही. आज धावायला आणि कुस्तीला मुली मोठ्या संख्येने उतरत आहेत. पाळी थांबली की हाडेही ठिसूळ होऊ लागतात. म्हणून जोर-बैठका काढणाऱ्या मुलीच्या ताटातली भाकर काढून तिथे फळांची थाळी ठेवण्याआधी तिच्या वस्तादाला हा आकडा ठाऊक असला पाहिजे.