उतरवण्याची मजुरी

नगर जिल्ह्यात पाऊस कमी आणि घर गळण्याच्या गोष्टी मात्र उदंड. जिथं पाऊस बेसुमार कोसळतो तिथं छपराला उतार असतो. पाणी येतं आणि निघून जातं. आमच्या पारनेर, शेवगाव, पाथर्डीच्या बाजूला वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक साल चांगलं गेलं म्हणतात. एवढ्याशा पावसासाठी उतरतं छप्पर कोण घालणार? म्हणून घरं धाब्याची. सपाट मातीचं छत. वर बाजरीची कणसं वाळत घालावीत, उन्हाळ्यात अंथरुणं टाकावीत, शेजारणीशी धाब्यावरूनच बोलावं. वर्षभर हे धाबं सुख देतं आणि भाद्रपद-आश्विनात त्याचं सगळं भाडं एकदम वसूल करतं.

त्या वसुलीच्या हकिगती मी ऐकल्या त्या बहुतेक तात्यांकडून. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. धंदा शेतीचा, पण गावात कुणाचं धाबं घालायचं किंवा दुरुस्त करायचं असलं की बोलावणं त्यांना यायचं. ते धाब्याची रचना बोटांवर सांगत. दगडी तळखडा, त्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर दाटीनं मांडलेल्या किलच्या. माती खाली झिरपू नये म्हणून किलच्यांवर निरगुडीचा नाहीतर तरवडाचा पाला. निरगुडी कडू, तिला कीड लवकर लागत नाही. त्यावर चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर फूटभर पांढरी माती, चोपून बसवलेली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर फूटभर थर म्हणजे शंभर घनफूट माती झाली. कोरडी असतानाच तिचं वजन चार टनांपुढे जातं. एवढं ओझं डोक्यावर घेऊन माणसं पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त झोपत होती.

ही माती शेतातली चालत नाही. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. धाब्यावर ती टाकणं म्हणजे गळतीला आवतण. लागते ती पांढरी, म्हणजे जुन्या गावठाणाची. पडक्या घरांच्या भिंती, चुलींची राख, शेण, केरकचरा असं शेकडो वर्षांचं सारं मुरून झालेली ती बारीक, राखट माती फारशी फुगत नाही, दाबली की दबून राहते. प्रत्येक जुन्या गावाशेजारी तिचं टेकाड असायचं आणि उन्हाळ्यात त्याला बैलगाड्या लागायच्या.

आता याच जिल्ह्याचा इतिहास बघा. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून दख्खनच्या एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळालं. नेवाशाला प्रवरेकाठच्या टेकाडात हसमुख सांकळियांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केलं आणि अश्मयुगापासून थेट मुसलमानी अमलापर्यंतचा माणसाचा वावर थरांनी उलगडून दाखवला. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सापडली. अभ्यासकांनी कुंचल्यानं साफ केलेली ती टेकाडं जगाला माहीत झाली. पण दख्खनमधली कितीतरी पांढरीची टेकाडं कुदळीनं पोखरली गेली ती धाब्यांसाठी. आमच्या धाब्याची माती चाळताना एकदा शंखाच्या बांगडीचा तुकडा निघाला होता. समुद्र आमच्यापासून घाटापलीकडे, कितीतरी मुक्काम दूर. तरी कुण्या व्यापाऱ्याबरोबर तो शंख वर आला, कुणा बाईच्या हातात राहिला, फुटला, मातीत गेला आणि तिथून आमच्या छतावर चढला. तात्यांनी तो पाहिला आणि बाजूला टाकला. “आसलं लई निघतं,” म्हणाले. त्यांना चिंता होती ती मातीत खडे राहू नयेत याची. खड्याच्या कडेनं पाणी वाट काढतं.

आखिती झाली की दुरुस्ती निघायची. तात्यांची रीत ठरलेली. आधी वरची चार बोटं माती खरवडून कडेला ओढायची. तिच्यातली गवताची मुळं, खडे, खापऱ्या चाळून काढायच्या. घुशी-उंदरांची बिळं शेवटपर्यंत उकरायची. बिळाच्या तोंडावर चिखलाचा गोळा दाबणाऱ्याला ते धाब्यावरून खाली पाठवत. मग खाली किलच्यांवर पहारेच्या टोकानं ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर लाकूड धड. बद्द आला तर तिथं सगळी माती उतरवून किलच बदलायची. एवढं झाल्यावर नवी पांढरी, पाण्याचा शिपका, चोपणं आणि पन्हाळाकडे बेताचा उतार. आजी वरून जाडं मीठ फेकायची, गवत उगवू नये म्हणून. त्यानं आणखी एक काम होई: मिठातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात आणि मधली छिद्रं बुजवतात. आजीला त्याचं शास्त्र नको होतं, गवत उगवत नव्हतं एवढं पुरे होतं.

या सगळ्यात तात्यांचा एक नियम मोडत नसे. जेवढी माती वर चढवायची, तेवढी आधी खाली उतरवायची. उतरवण्यातच दिवस जात. शेजारपाजारचे लोक चार पाट्या माती टाकून, चोपून मोकळे होत आणि तात्यांना हसत.

गळती प्रत्यक्ष व्हायची ती झडीत. वळवाचा पाऊस कितीही आडदांड असला तरी धाब्याचं काही वाकडं करत नाही. पाणी पन्हाळातून बदाबदा वाहून जातं. झड मात्र दिवस दिवस बारीक पडते, आणि ती वाहत नाही, मुरते. उत्तरा किंवा हस्तात अशी झड लागली की रात्री घरात पातेली, घंगाळं, परात मांडली जायची. आजा पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन वर चढायचा. पडवीत कोरडी ठेवलेली चाळलेली पांढरी आणि चुलीतली राख तो गळक्या जागी टाकायचा आणि टाचेनं तुडवायचा. पण गळकी जागा सापडणं हेच खरं कसब. पाणी ठिपकतं त्याच्या बरोबर वर भोक नसतं. ते मातीतून उतरतं, किलचीच्या पोटानं सरकत सराला मिळतं आणि सराच्या सखल टोकाला जाऊन खाली पडतं. म्हणून खालून आजी कंदील धरून ओल कुठून कुठं आली ते सांगायची, आणि जिथं तिचा माग संपायचा तिथं तुळईवर चुन्याचं बोट ओढून ठेवायची. रात्रीचं तुडवणं तात्पुरतं. खरी दुरुस्ती त्या चुन्याच्या बोटावरून उन्हाळ्यात व्हायची.

झड उघडली की घाई करायची नाही, हा आजीचा दंडक. छताला असलेलं साणं, म्हणजे उजेडाचं आणि धुराचं भोक, दिवसभर उघडं ठेवायचं. चूल जास्त वेळ पेटती ठेवायची. धूर वर चढायचा, किलच्यांमधून फिरायचा आणि लाकूड सुकवून जायचा. कीडही त्याला कमी लागायची. एखादी सून उत्साहानं भिंतीच्या ओल्या पट्ट्यावर सारवायला निघाली की आजी म्हणायची, “वल्यावर सारवू नगं. वल आत कोंडती अन्‌ लाकूड खाती.” छतातल्या फटीत चिमण्यांची घरटी असत, तीही ती काढू देत नसे. मौलाना आझाद १९४२ पासून नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ‘गुबार-ए-खातिर’मध्ये त्यांनी आपल्या खोलीतल्या लाकडी तुळयांच्या छतात ठाण मांडून बसलेल्या चिमण्यांशी झालेली लढाई आणि पुढचा तह मोठ्या मिस्कीलपणे लिहिला आहे. ते वाचताना मला आमचं माजघर दिसलं. ज्या फटीत चिमणी शिरते तिथून वाराही शिरतो, आणि वारा लागणारी तुळई भिजली तरी कुजायच्या आत सुकते.

याच जिल्ह्याचं पश्चिम टोक म्हणजे वेगळाच मुलूख. अकोले तालुक्यात, कळसूबाई-रतनगडाच्या रांगेत, घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिकडे धाबं एक आठवडा टिकणार नाही. भंडारदऱ्याकडे दिलेली आमची आत्या माहेरी आली की आमच्या गळतीच्या कौतुकाला हसायची. तिच्याकडे कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणामातीनं लिंपलेल्या, आणि वर उतरतं छप्पर. आधी गवताचं, मग कौलांचं. तिथं पावसाआधी शाकारणी चुकली तर चार महिने चूल पेटणार नाही. आणि शाकारणी म्हणजे वर नवं गवत पसरणं नव्हे. कुजलेलं सगळं आधी खाली ओढायचं, वासे उघडे पाडून ऊन दाखवायचं आणि मग नवं बांधायचं.

कोकणातही हाच रिवाज. चुलतबहीण श्रीवर्धनला दिली, तेव्हा तिथली रीत घरात कळली. दर वर्षी कौलं परतायची: ओळीनं उतरवायची, झाडायची, फुटकी वेगळी काढायची, रिपांवरचा पालापाचोळा आणि वाळवीची माती साफ करायची, आणि पुन्हा चढवायची. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि तिथली खाचेत खाच बसणारी कौलं किनाऱ्यानं वर आली. जुन्या नळ्यांपेक्षा ती कमी सरकत, पण उतरवणं त्यांनाही चुकलं नाही. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं किनाऱ्यावर चढलं आणि गावंच्या गावं उघडी पडली. पाऊस तोंडावर, कौलं मिळेनात, म्हणून लोकांनी मिळेल त्या ताडपत्र्या भिजलेल्या वाशांवर ताणल्या. दुसरा इलाज नव्हता. बहीण फोनवर सांगत होती, पाणी थांबलंय पण आतून सगळ्या लाकडाला बुरशी चढलीय. तात्या म्हणाले, “उघडीप मिळंल त्या दिवशी एक बाजू सोड म्हणावं. वारं लागू दे.” खारी हवा तर ओल धरूनच ठेवते, तिकडे सुकवण्याचं काम आमच्यापेक्षा दुप्पट जिकिरीचं.

जुन्याचं गुणगान इथं थांबवलं पाहिजे, कारण धाब्यानं माणसं मारलीही आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादची गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं झोपेत गेली. चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि वर मणामणाची माती. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना मातीचे थर कुठं कुठं दोन फुटांहून जाड दिसले. बांधताना कुणी एवढी माती घातलेली नव्हती. दर वर्षी गळती लागली, दर वर्षी वरून चार पाट्या पडल्या, जुनी कुणी काढली नाही. दुरुस्तीनंच घर जड होत गेलं. ही बातमी वाचल्यावर तात्यांनी आमच्याच घराच्या एका जुन्या खोलीवर पहार खुपसली. आजा थकल्यापासून तिकडे कुणी नीट लक्ष दिलं नव्हतं. पहार हातभर आत गेली. त्या हिवाळ्यात ती खोली पूर्ण उतरवली गेली आणि तिच्यावर पत्रा आला.

आता नव्या घरांवर धाबं नाही, स्लॅब आहे. सवय मात्र तीच चार पाट्यांची. नगरला सावेडीत माझा एक भाऊ वरच्या मजल्यावर राहतो. त्याच्या छताला ओल आली. एका वर्षी गच्चीवर रसायनाचा हात, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचं रसायन, मग त्यावर फरशीचे तुकडे, आणि खालून डाग दिसू नयेत म्हणून पीओपीचं सपाट छत. पीओपीचा एक तुकडा जेवणाच्या टेबलावर पडला तेव्हा आतलं दिसलं. सळया गंजल्या होत्या. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून फुगलेली सळई काँक्रीटचा पोपडा ढकलून खाली पाडते. किनाऱ्यावर हवेतलं मीठ हेच काम लवकर करतं. आमच्याकडे वेळ लागतो, एवढाच फरक.

तात्यांना मुद्दाम गाडीतून आणलं. ऐंशी ओलांडलेले, जिना चढताना दोनदा थांबले. सिमेंटमधलं आपल्याला काय कळतं, असं म्हणत त्यांनी छताला काठीनं ठोकलं आणि बद्द वाजलेल्या जागा दाखवल्या. नंतर आलेल्या इंजिनिअरनं हातोडीनं नेमकं तेच केलं. त्यानं सांगितलेला क्रमही ओळखीचा होता. गच्चीवरचे सगळे थर फोडून खाली उतरवायचे. बद्द वाजतं तेवढं काँक्रीट काढून सळया उघड्या करायच्या, गंज घासायचा, संरक्षक लेप द्यायचा. स्लॅब सुकू द्यायचा. सुकला का ते पाहायला प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवायचा, आतून थेंब धरले तर थांबायचं. मग भरण, मग नवं वॉटरप्रूफिंग, मग पाणी कोंडून परीक्षा, आणि रंग सगळ्यात शेवटी.

अंदाजपत्रक आलं तेव्हा भावाची पहिली नजर ‘तोडकाम व मलबा वाहतूक’ या ओळीवर गेली. नवं काही मिळत नाही आणि पैसे मात्र जातात, ती ओळ कमी करता येईल का, असं त्यानं विचारलं. कुणीही हेच विचारलं असतं. भर दिसते, तिचा फोटो काढता येतो. उतरवलेलं ट्रॉलीतून जातं आणि त्याची आठवणही राहत नाही. तात्यांनी मात्र व्यवहाराचीच भाषा वापरली. “भरायचं काम उक्तं दे, चालंल. उतरवायचं काम रोजानं दे. उक्त्यातला माणूस घाई करतो, आन्‌ घाईत तो निम्मं आतच ठेवून वरून झाकतो.” भावानं तसं केलं. खर्च वाढला, काम लांबलं, पावसाळा तोंडावर आला आणि घरात भांडणंही झाली. पण ठेकेदाराशी बोलताना मी आता आधी हेच विचारतो: काढण्याचे किती दिवस धरलेत? उत्तर द्यायला तो अडखळला तर मी दुसरा माणूस बघतो.