डीपी का जळते आणि बोअर का आटतो? ‘ओव्हरलोड’चं साधं गणित

यात्रेच्या गर्दीत फोनला फुल रेंज दिसते, पण व्हॉट्सअ‍ॅपचा एक फोटोही जात नाही. टॉवर बिघडलेला नसतो. त्याची क्षमता हजारो फोनमध्ये वाटली गेलेली असते. गावातली डीपी आणि जमिनीखालचं पाणी, दोन्ही याच कारणाने बंद पडतात. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी नेहमीच्या आहेत, आणि त्यावरचा उपायही याच जिल्ह्यातल्या एका गावाने करून दाखवलाय.

ओव्हरलोडचे दोन प्रकार

पहिला प्रकार स्पीडचा. एका वेळी किती जण वापरतात, यावर सगळं अवलंबून असतं. मोबाईल टॉवर आणि डीपी यात येतात. गर्दी कमी झाली की काम सुरळीत होतं.

दुसरा प्रकार डेटा पॅकचा. एकूण साठा ठरलेला असतो. तो संपला की पुढच्या रिचार्जपर्यंत थांबावं लागतं. भूजल हा असा पॅक आहे, आणि त्याचा मुख्य रिचार्ज वर्षातून एकदाच होतो, पावसाळ्यात.

डीपी का जळते?

५ एचपीची मोटर साधारण ५.५ केव्हीए लोड घेते. म्हणजे ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा ११ मोटारी चालू शकतात. १६ चालल्या तर लोड जातो ८८ केव्हीएवर, म्हणजे क्षमतेच्या १४० टक्के. आतलं तेल आणि कॉइल तापते, कॉइलवरचं इन्सुलेशन लवकर खराब होतं आणि एक दिवस डीपी जळते.

त्यात भर पडते ऑटो स्विचची. मोटर सुरू होताना काही सेकंद नेहमीच्या ५ ते ७ पट करंट ओढते. रात्री थ्री फेज लाईट आली की ऑटोवर टाकलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. व्होल्टेज पडतं, मोटारींना वेग येत नाही, त्यामुळे त्या जास्त करंट ओढत राहतात. फ्यूज उडतो. मग कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार टाकतो, म्हणजे डीपीला वाचवणारी शेवटची गोष्टही काढून टाकतो.

सॉफ्टवेअरमध्ये या प्रकाराला ‘थंडरिंग हर्ड’ म्हणतात. बंद पडलेला सर्व्हर सुरू झाला की सगळे फोन एकदम कनेक्ट व्हायला धावतात आणि सर्व्हर पुन्हा झोपतो. उपाय सोपा असतो: प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबून प्रयत्न करायचा. मोटारींनाही हेच लागू होतं. ऑटो स्विचला डिले टायमर लावून एकाची मोटर १ मिनिटाने, दुसऱ्याची ३ मिनिटांनी सुरू केली, तर सुरुवातीचा झटका विभागला जातो. पण चालणाऱ्या मोटारीच क्षमतेपेक्षा जास्त असतील, तर पाळी लावण्याला किंवा डीपीची क्षमता वाढवून घेण्याला पर्याय नाही.

बोअर का आटतो?

जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्ट म्हणजे काळ्या खडकाचा आहे. या खडकात पाणी फक्त भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात साठतं, तेही थोडंच. आता हिशेब बघा. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. समजा वर्षात ५०० मिमी पाऊस झाला आणि त्यातला १० टक्के मुरला, तर रिचार्ज झाला ५० मिमी.

उसाला वर्षाला किमान १,५०० मिमी पाणी लागतं. पावसाचे सगळे ५०० मिमी उसाला मिळाले असं धरलं, तरी १,००० मिमी कमी पडतात. ढोबळ मानाने, विहिरीच्या पाण्यावरचा १ एकर ऊस २० एकरांचा रिचार्ज वापरतो. प्रवरा, मुळेच्या कालव्यांखाली धरणाचं पाणी मिळतं. जिथे कालवा नाही, तिथे हा सगळा भार विहिरी-बोअरवर येतो.

कुणीच का थांबत नाही?

कारण मी थांबलो तर उरलेलं पाणी शेजाऱ्याचा बोअर ओढणार. म्हणून तो ३०० फूट गेला की मी ५०० जातो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये याला ‘ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स’ म्हटलं. या शर्यतीत ज्याच्याकडे खोल बोअरला पैसे नाहीत, त्याची विहीर आधी कोरडी पडते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र दाखवून दिलं की लोक एकत्र येऊन नियम बनवतात आणि पाळतातही. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हिवरे बाजारचं वॉटर बजेट

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार हे कमी पावसाचं गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर १९९० च्या दशकात इथे पाणी अडवण्याची, जिरवण्याची कामं झाली. पण निम्मं काम वापरावर होतं. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, आणि ऊस-केळीसारख्या पिकांना आळा. गाव दरवर्षी पाऊस मोजतं, पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडला जातो. आधी माणसं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्यावर पिकं ठरवायची. पाऊस कमी, तर जास्त पाणी लागणारी पिकं कमी.

थोडक्यात, पॅक संपल्यावर रडण्यापेक्षा बॅलन्स बघून वापर ठरवायचा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अटल भूजल योजनेतही गावपातळीवर असाच हिशेब मांडला गेला.

सोलर पंपाने प्रश्न सुटेल का?

अर्धाच. सोलरमुळे डीपीवरचा लोड कमी होतो आणि रात्री शेतात जावं लागत नाही. पण वीजबिल नाही म्हणून मोटर दिवसभर चालू राहिली, तर बोअर आणखी लवकर आटतो.

तुम्ही काय करू शकता?

- तुमच्या डीपीवर किती केव्हीए लिहिलंय ते बाहेरूनच बघा, त्यावरच्या मोटारी मोजा आणि वरचं गणित करा. डीपी उघडू नका.
- गावातल्या निवडक विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजण्यासाठी २०२२ मध्ये ‘जलदूत’ अ‍ॅप आलं. तुमच्या गावचे आकडे ग्रामपंचायतीत विचारा.
- ते आकडे गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका आणि रब्बीच्या पेरणीआधीच्या ग्रामसभेत मांडा. पेरणी झाल्यावर हिशेब मांडून उपयोग नाही, कारण तोपर्यंत पाणी खर्चाला लागलेलं असतं.