साथीत शाळा बंद पडली, तेव्हा शिकवणं कुठे गेलं? कोसबाड ते उमरोळी, एक राहून गेलेला हिशोब

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. कारण ही गोष्ट आपल्या पोरांची आहे आणि ती आपण फार लवकर विसरत चाललोय.

मार्च २०२० च्या मध्यावर राज्यातल्या आधी शहरी आणि लगोलग ग्रामीण भागातल्या शाळा बंद झाल्या. तेव्हा सगळ्यांना वाटलं, ३१ मार्चपर्यंतचा प्रश्न आहे, पंधरा दिवसांची सुट्टी. प्रत्यक्षात ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग भरवायला शासनाने परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे साडेवीस महिने. जून २०२० मध्ये ज्या पोराचं नाव पहिलीत घातलं, ते पोर पहिल्यांदा वर्गात बसलं तेव्हा दुसरीचं अर्धं वर्ष संपत आलं होतं. पहिली त्याने पाहिलीच नाही.

आता थोडं मागे जाऊ.

२०२० मध्ये ज्या कायद्याच्या आधारे राज्याने हे सगळं बंद केलं, तो साथरोग कायदा १८९७ चा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत सरकारने घाईघाईने हा कायदा केला. घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या, रेल्वे प्रवाशांची तपासणी हे सगळं त्यातून आलं. पुण्यात त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रँडवरच्या हल्ल्यात झाली, हे आपण शाळेत शिकलोच. त्याच साथीत १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता. मुलींची शाळा काढणारी बाई साथीत शेवटपर्यंत माणसांत राहिली. कायदा जेमतेम दोन पानांचा आहे. सरकारला काय काय बंद करता येईल ते त्यात आहे. मुलांचं शिक्षण कसं चालू ठेवायचं, याबद्दल त्यात एक ओळ नाही. सव्वाशे वर्षांनी आपण तोच कायदा बाहेर काढला, तेव्हा ही उणीवही सोबत आली.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाचंही पाहा. जूनमध्ये मुंबई बंदरातून तो शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेने कहर केला. देशभरात कोटीच्या वर माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करू देणारा कायदा झाला होता. म्हणजे एका हाताने शाळेचं दार उघडत होतं आणि दुसरीकडे साथ घराघरांत शिरत होती.

तेव्हा अमेरिकेत बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क आणि शिकागोने मात्र चालू ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांचं म्हणणं साधं होतं: गरिबांची पोरं दाटीवाटीच्या चाळीत कोंडून राहण्यापेक्षा हवेशीर शाळेत, डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली जास्त सुरक्षित आहेत. ते बरोबर होते की चूक, यावर आजही वाद होतो. कोरोना आणि तो फ्लू एकसारखे नाहीत हेही खरं. पण त्यांनी प्रश्न बरोबर विचारला होता: शाळा बंद केली तर पोर जाणार कुठे? बोईसरच्या एमआयडीसीलगत एका खोलीत सहा-सात माणसं राहणाऱ्या घरांकडे पाहिलं, की हा प्रश्न आपल्यालाही लागू होतो. २०२० मध्ये आपल्याकडे तो कितीजणांनी विचारला?

आता आपल्या गावाकडे येऊ.

उमरोळी म्हणजे पालघर आणि बोईसरच्या मधलं स्टेशन. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला आणि आपल्या भागाचं रूप झपाट्याने बदललं. आज इथल्या कुठल्याही वर्गात पाहा: एकाचा बाप लोकलने नोकरीला जातो, दुसऱ्याचा तारापूरच्या कंपनीत पाळीवर, तिसऱ्याची वाडी-शेती आणि चौथं पोर पाड्यावरून चालत येतं. शाळा चालू असते तेव्हा ही चारही पोरं एका बाकावर असतात. शाळा बंद झाली आणि चौघांच्या चार वाटा झाल्या.

२२ मार्च २०२० च्या रात्रीपासून लोकल थांबली. पहिल्याचा बाप घरी बसला. दुसऱ्याचा बाप औषधाच्या कंपनीत असेल तर त्याला जावंच लागलं आणि घरात भीती आली. कंत्राटी परप्रांतीय कामगार असेल तर कुटुंबाने मिळेल त्या गाडीने गाव गाठलं आणि ते पोर हजेरीपटावर नुसतं नावापुरतं उरलं. पाड्यावरचं पोर आईबापाबरोबर कामाला लागलं. जून २०२० मध्ये नवं शैक्षणिक वर्ष ऑनलाईन सुरू झालं, तेव्हा ते या चौघांसाठी एकसारखं कसं असणार होतं?

'शाळा बंद पण शिक्षण सुरू' हे घोषवाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं. दीक्षा ॲप आलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर अभ्यास येऊ लागला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. ती चांगली मालिका होती, घरातल्या वस्तू घेऊन शिकवायची. ही कल्पनाही जुनीच. १९३७ मध्ये शिकागोत पोलिओची साथ आली, शाळा उघडायला उशीर झाला, तेव्हा तिसरी ते आठवीच्या मुलांना रेडिओवरून धडे दिले होते आणि वेळापत्रक वर्तमानपत्रात छापलं होतं. तेव्हाही हीच अडचण होती: ज्याच्या घरी रेडिओ नाही, किंवा ज्याला पुन्हा समजावून हवंय, त्याचं काय?

आपल्याकडे रेडिओच्या जागी मोबाईल आला, एवढाच फरक. 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. आकडा मोठा वाटतो. पण त्या घरांतल्याही २६.१ टक्के मुलांच्या हाती तो अभ्यासाला येतच नव्हता. का, ते आपल्याला ठाऊक आहे. फोन एक, तो बाबांच्या खिशात, बाबा पाळीवर. घरात दोन-तीन भावंडं असली तर आधी दहावीवाल्याला. त्यात रेंज नाही, रिचार्ज संपलेलं.

मग खरं शिकवणं कुठे झालं? जिथे मास्तर-बाई पोरांपर्यंत चालत गेल्या, तिथे. आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळेतून घरी गेलेल्या मुलांसाठी 'अनलॉक लर्निंग' काढलं, त्यात शिक्षकांनी पुस्तकं-कृतिपत्रिका घेऊन पाड्यावर जायचं होतं. मोखाडा-जव्हारकडे दिगंत स्वराज फाऊंडेशनने 'बोलकी शाळा' केली: लाऊडस्पीकरवर धडे आणि पोरं मोकळ्या जागेत अंतर ठेवून बसलेली. कित्येक ठिकाणी शिक्षकांनी ओट्यावर, समाजमंदिरात, झाडाखाली पाच-सात मुलांचे गट केले. उघडी हवा, छोटा गट, रोज थोडा वेळ. शिकणंही आणि सुरक्षितताही.

आणि इथे आपल्या जिल्ह्याचा इतिहास आठवतो. उमरोळीहून लोकल पकडून डहाणूला उतरा, पुढे कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे हे काम कोसबाडला गेलं. त्यांनी बालवाडी काढली, पण पाड्यावरची पोरं येईनात. बाईंनी पोरांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून पाड्याच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरं राखणारी पोरं दिवसभर कुरणात असतात, म्हणून शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. पोरांना अंघोळ घालणं, नखं कापणं, स्वच्छता शिकवणं हे त्या शिक्षणाचाच भाग होतं. शिक्षण आणि आरोग्य अशी दोन खाती त्यांनी कधी वेगळी केली नाहीत. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी वसईकडे विधायक संसदेने चालवलेल्या भोंगाशाळाही याच वाटेवरच्या.

म्हणजे शाळेपर्यंत पोर येऊ शकत नसेल तर काय करायचं, याचं उत्तर आपल्या जिल्ह्याने पंचाहत्तर वर्षांपूर्वी दिलं होतं. २०२० मध्ये ते सरकारी यंत्रणेला सगळ्यात आधी आठवायला हवं होतं. आठवलं ते काही शिक्षकांना, स्वतःहून.

या शिक्षकांवर तेव्हा आणखी काय काय होतं तेही लिहून ठेवू. सर्वेक्षण, चेकपोस्ट, रेशन दुकानावर देखरेख. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं, तेव्हा थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर जाणाऱ्यांत शिक्षकही होते. गावोगावच्या शाळांच्या खोल्या विलगीकरणासाठी गेल्या. पोषण आहार शिजवता येईना, म्हणून तांदूळ आणि कडधान्य घरी वाटलं. १९९५ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हाही महिन्याला तीन किलो धान्य घरीच मिळायचं. शिजवलेलं अन्न ताटात पडायला सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा आदेश लागला. साथीने आपल्याला पुन्हा तिथेच नेऊन ठेवलं. घरी नेलेला तांदूळ सगळ्या घरात वाटला जातो, त्या पोराच्या ताटात किती येतो हे कोण मोजणार?

शाळा उघडण्याची कथाही धरसोडीची. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावी. शिक्षकांची आरटीपीसीआर, पालकांचं लेखी संमतीपत्र, एका बाकावर एक मूल, एक दिवसाआड निम्मा वर्ग, जास्तीत जास्त चार तास. २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी. मग दुसरी लाट आणि पुन्हा कुलूप. दहावीची परीक्षाच रद्द. गुण कसे दिले? नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखीचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०. गंमत अशी, की त्या मुलांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही २०२० मध्ये झालीच नव्हती. निकाल ९९.९५ टक्के. पेढे वाटले गेले, पण अकरावीला बसलेल्या पोरांना पाया कच्चा असल्याचं लवकरच कळलं.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला वाटतो तो जुलै २०२१ चा. गावात महिनाभर रुग्ण नसेल तर ग्रामपंचायतीने ठराव करायचा, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवायची आणि आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायचे. पहिल्यांदाच मुंबई आणि मोखाडा एकाच मापाने न मोजता निर्णय गावावर सोपवला. हाच निर्णय वर्षभर आधी, लहान वर्गांसाठी झाला असता तर? पहिली-दुसरीच्या पोराला मोबाईलवर अक्षर गिरवता येत नाही. त्याला बाई लागतात. आणि नेमके हेच वर्ग सगळ्यात शेवटी उघडले. त्यांची भीती कोणी खोटी म्हणणार नाही. घरात आजी-आजोबा होते, लस नव्हती. पण दुकानं, कंपन्या, लग्नं सुरू झाल्यावरही पहिलीचा वर्ग बंद राहिला, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

परिणाम आकड्यांत आहे. 'असर' सांगतं, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं देशात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के उरली. पाचवीत ५०.५ वरून ४२.८. जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आणला, पण तेव्हा लहान मुलांच्या शाळाच उघडल्या नव्हत्या. पूल बांधला, पण पलीकडे जायला रस्ता नव्हता.

आता यापुढचं. साथ पुन्हा येणार नाही असं कोणी लिहून देणार नाही. १८९७ आणि १९१८ मध्ये आपल्या भागातल्या शाळांनी काय केलं, हे गावात आज कोणाला सांगता येत नाही, कारण कोणी नीट लिहून ठेवलं नाही. २०२० चंही तसंच होईल. म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो.

१. प्रत्येक शाळेने, शाळा व्यवस्थापन समितीने त्या दोन वर्षांची नोंद करावी. कोण शिक्षक कुठल्या पाड्यावर जायचे, किती मुलं यायची, कोण शाळेतून कायमचं सुटलं. शिक्षकांच्या बदल्या होतात, निवृत्ती होते. त्याआधी.

२. ग्रामसभेत एक ठराव असावा: शाळा बंद करायची वेळ आलीच तर कुठल्या पाड्यावर कुठला ओटा, कुठलं अंगण, कुठलं समाजमंदिर वापरायचं, कोण शिकवायला मदत करेल, आहार कुठे शिजेल. लहान वर्ग आधी उघडायचे, हेही त्यात यावं.

३. त्या वेळी पहिली-दुसरीत असलेल्या पोरांकडे आजही वेगळं लक्ष द्यावं. ती आता मोठ्या वर्गात आहेत, पण वाचताना अडखळतात तेव्हा त्यांना 'ढ' म्हणू नका. त्यांची पहिली कोणीतरी बंद केली होती.

उमरोळी, पालघर, बोईसर परिसरातल्या शिक्षकांनी, अंगणवाडीताईंनी, पालकांनी आपली आठवण खाली लिहावी. गावाचं आणि पाड्याचं नाव, महिना, वर्ष, एवढं जरी लिहिलंत तरी तो इतिहास होईल.