रॉबिन

बॅटमॅन या अमेरिकन कॉमिक्सनायकाचा किशोरवयीन साथीदार. प्रथमदर्शन ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८व्या अंकात, एप्रिल १९४०. निर्माते बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन. सुरुवातीला हे एका मुलाचे नाव होते, पुढे ते गादीसारखे झाले: एक जण उतरतो, दुसरा बसतो. सुपरहिरोच्या पोरसवदा साथीदाराचे काय करायचे, हा प्रश्न अमेरिकन कॉमिक्सना सतत छळत आला. त्यांनी शोधलेली बहुतेक उत्तरे रॉबिनच्या चरित्रात सापडतात.

बॅटमॅन मे १९३९ मध्ये अवतरला तो एकटाच. लेखक फिंगरची अडचण अगदी व्यवहारातली होती. रात्री छपरांवरून हिंडणाऱ्या अबोल माणसाच्या मनात काय चालले आहे, हे वाचकाला कळावे कसे? शेरलॉक होम्सजवळ बोलायला वॉटसन होता. बॅटमॅनलाही कोणीतरी हवे होते. ते कोणीतरी लहान मुलगा असले, तर पैसे जमवून अंक विकत घेणाऱ्या मुलांना ते आपल्यातलेच वाटेल, हा हिशेबही होताच. नाव रॉबिन्सनने सुचवले, ते रॉबिन हूडवरून. एन. सी. वायेथ या चित्रकाराने रंगवलेला रॉबिन हूड त्याच्या डोळ्यांसमोर होता, म्हणून पोशाखातही तांबडे जाकीट आणि हिरवी चड्डी आली. काळ्या-करड्या बॅटमॅनशेजारी पिवळा झगा फडकावणारा उघड्या पायांचा मुलगा लपून कसा राहत असेल, हे विचारायचे नसते.

हा पहिला रॉबिन म्हणजे डिक ग्रेसन. आईवडील सर्कशीत झोक्यावरच्या कसरती करणारे. खंडणीखोर गुंडांनी दोर कमकुवत करून त्यांना मारले आणि ब्रूस वेनने, म्हणजे मुखवट्याआडच्या बॅटमॅनने, पोरक्या मुलाला आपल्या घरी आणले. स्वतः ब्रूसचेही आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले होते, त्यामुळे कथेला दया आणि सूड हे दोन्ही धागे आयतेच मिळाले. अंकांचा खप जवळपास दुप्पट झाला असे सांगितले जाते. इतर प्रकाशकही जागे झाले. १९४१ मध्ये कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्याच अंकात बकी हा साथीदार होता. त्याच वर्षी ग्रीन ॲरोबरोबर स्पीडी आला.

पहिला मोठा हल्ला बाहेरून झाला. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दम याने १९५४ च्या ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या पुस्तकात बॅटमॅन-रॉबिनच्या सहजीवनात समलैंगिक स्वप्नरंजन दिसते असा आरोप केला. त्याच वर्षी प्रकाशकांनी आपणहून कॉमिक्स कोड नावाची आचारसंहिता लादून घेतली. १९५६ मध्ये बॅटवूमन कथेत आली, तिच्यामागे या आरोपाला उत्तर देण्याची घाई होती असे अनेक अभ्यासक मानतात. १९६६ ते १९६८ च्या दूरचित्रवाणी मालिकेत बर्ट वॉर्डने रॉबिन साकारला. संकट आले की ‘होली’ने सुरू होणारा चमत्कारिक उद्गार काढायचा, ही त्याची ओळख झाली. त्या लोकप्रियतेने रॉबिन घरोघरी पोचला खरा, पण विनोदी पात्राचा शिक्काही घेऊन बसला.

कथेतली खरी अडचण वयाची होती. साथीदार वाढला तर तो साथीदार उरत नाही. वाढला नाही तर खोटा वाटतो. डिकला घर सोडून हडसन विद्यापीठात पाठवायला १९६९ चा डिसेंबर उजाडला. बालवयातून कॉलेजात जायला त्याला २९ वर्षे लागली. दरम्यान १९६४ पासून तो इतर नायकांच्या साथीदारांबरोबर ‘टीन टायटन्स’ या चमूत वावरत होता. १९८० मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी त्या चमूला नवे रूप दिले, तिथे तो पुढारी म्हणून शोभू लागला. १९८४ मध्ये त्याने रॉबिनचा वेष उतरवून ‘नाइटविंग’ हे नाव घेतले. धाकट्याला मोठे होऊ देणारा हा निर्णय कॉमिक्समध्ये तेव्हा विरळा होता.

रिकाम्या जागेवर जेसन टॉड आला. १९८३ मध्ये तो दाखल झाला तेव्हा डिकची नक्कलच होता: तोही सर्कशीतला, तोही पोरका. १९८७ मध्ये त्याचा पूर्वेतिहास पुन्हा लिहिला गेला. आता तो बॅटमॅनच्या गाडीची चाके चोरताना पकडला गेलेला, रस्त्यावर वाढलेला तापट पोरगा होता. वाचकांचे त्याच्याशी जमेना. तेव्हा संपादक डेनिस ओनील याने निर्णय वाचकांवरच सोपवला. जिम स्टार्लिनने लिहिलेल्या ‘अ डेथ इन द फॅमिली’ या कथेत बॅटमॅनचा वैरी जोकर जेसनला लोखंडी पहारेने झोडपतो आणि गोदामात बॉम्ब ठेवून निघून जातो. स्फोट होतो, अंक तिथेच संपतो. शेवटी दोन दूरध्वनी क्रमांक: एक तो जगावा म्हणून, दुसरा मरावा म्हणून. मुदत ३६ तास, प्रत्येक फोनला ५० सेंट. मरणाच्या बाजूने ५,३४३ मते पडली, जगण्याच्या बाजूने ५,२७१. फरक ७२ मतांचा. चित्रकार जिम अपारोने दोन्ही शेवट काढून ठेवले होते. जेसन वाचल्याचे पान बाजूला पडले. एकाच माणसाने शेकडो फोन केले असावेत, अशी शंका ओनीलने पुढे बोलून दाखवली. एका काल्पनिक मुलाला ठार करण्यासाठी लोकांनी पैसे मोजले, याचा राग प्रकाशकांना सोसावा लागला. २००५ मध्ये जेसन ‘रेड हूड’ या खुनशी रूपात परतला, त्यामुळे त्या मतदानातली हवा बरीच निघून गेली, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

तिसरा रॉबिन टिम ड्रेक (१९८९) याच्याबाबतीत लेखकांनी शहाणपण दाखवले. तो बळी म्हणून आला नाही. लहानपणी सर्कशीत पाहिलेली डिकची कोलांटी ओळखून त्याने बॅटमॅनचे गुपित उकलले, आणि रॉबिनवाचून बॅटमॅन बेभान होत चालला आहे हे सांगायला तो स्वतःच दारात उभा राहिला. चित्रकार नील ॲडम्सने बेतलेल्या त्याच्या पोशाखात अखेर पूर्ण विजार आली. १९९३ ते २००९ या काळात ‘रॉबिन’ नावाचे त्याचे स्वतंत्र मासिक चालले.

मुलींच्या वाट्याला ही गादी थोडीच आली. फ्रँक मिलरच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ (१९८६) मधली कॅरी केली मुख्य कथाप्रवाहाबाहेरची. २००४ मध्ये स्टेफनी ब्राउनला काही अंकांपुरतेच पद मिळाले. २००६ मध्ये ग्रँट मॉरिसनने ब्रूसचा सख्खा मुलगा डेमियन आणला. मारेकऱ्यांच्या टोळीत वाढलेला हा उद्धट पोर २००९ मध्ये रॉबिन झाला तेव्हा बॅटमॅनच्या मुखवट्यामागे डिक होता. इथे जोडी उलटी झाली: थोरला हसरा, धाकटा कपाळावर आठ्या घेऊन वावरणारा.

पडद्यावरच्या बॅटमॅनने मात्र रॉबिनला बहुधा लांबच ठेवले. १९४३ च्या चित्रपटमालिकेत तो होता, १९९५ आणि १९९७ च्या चित्रपटांत क्रिस ओडॉनेलने त्याची भूमिका केली. क्रिस्टोफर नोलनच्या चित्रत्रयीत तो दिसतच नाही. फक्त तिसऱ्या चित्रपटाच्या (२०१२) अखेरीस एका तरुण पोलिसाचे कागदोपत्री नाव रॉबिन असल्याचे कळते.