ट्रक आहेत म्हणूनच

वर्ध्यात एमआयडीसीच्या रस्त्यांचा विषय निघाला की मत ठरलेलेच असते. रस्ता चौपदरी करा, सिमेंटचा करा, दिवे लावा. सायकलमार्ग आणि पदपथ ही पुण्या-मुंबईची थेरं मात्र इथे नकोत. कारणे तीन : इथले ऊन, कामगाराच्या दारात आलेली मोटारसायकल आणि ट्रक-ट्रेलरला लागणारी जागा. हे मत उद्योजकांचे आहे, अभियंत्यांचे आहे, पुष्कळदा कामगारांचेही आहे. तेव्हा ते हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

उन्हाचे घ्या. नवतपात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि दुपारी तीनला पहिली पाळी सुटते, तेव्हा सायकल मारणे ही शिक्षाच. हे मान्य. पण ज्या कापसाने हिंगणघाटचे नाव एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारात नेले, त्याचे जिनिंग-प्रेसिंग दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि ऊन तापेस्तोवर बहुतेक आटोपते. जिल्ह्याचा हा जुना धंदा नेमका सायकलीच्या हवेत चालतो. शिवाय ऊन मोटारसायकलवाल्यालाही लागतेच; तोही दुपट्टा गुंडाळूनच निघतो. उपाय सावलीचा आहे, आणि सावलीचे आपण काय केले? २०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुन्या झाडांवर कुऱ्हाड पडली, तेव्हा ती वाचवायला नागरिकांना आंदोलन करावे लागले. झाडे पाडणाऱ्यांनीच मग ऊन फार असल्याची तक्रार करावी, हे अजब आहे.

‘आता सायकल चालवतो कोण?’ हा दुसरा आक्षेप. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामावर जाणाऱ्यांची नोंद आहे. देशभरात त्यांतले २२ टक्क्यांहून अधिक पायी जात होते, १३ टक्के सायकलने, आणि मोटारसायकल-स्कूटरवाले सायकलवाल्यांहून किंचित कमीच होते. त्यानंतर गाड्या वाढल्या, यात वाद नाही. पण मागे उरले कोण? जिनिंगमधल्या बाया, कंत्राटी हमाल, परप्रांतातून आलेले मजूर. रस्त्याच्या बैठकीला यांतले कोणी नसते, म्हणून ते आहेत हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. पुलगाव-हिंगणघाटच्या गिरण्या वस्तीला लागून होत्या. भोंगा झाला की माणूस चालत पोचायचा. औद्योगिक वसाहती गावाबाहेर गेल्या आणि अंतर कामगाराच्या माथी आले.

तिसरा आक्षेप ट्रकांचा, आणि खरी गंमत इथे आहे. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली. त्याच वर्षी इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलमार्गांचा संकेत छापला. त्यात म्हटले आहे : तासाला शंभर ते दोनशे मोटारवाहने जाणाऱ्या रस्त्यावर गर्दीच्या तासाला चारशे सायकली असल्या तर वेगळा मार्ग द्यावा, पण वाहने दोनशेच्या वर गेली, तर शंभर सायकलींनाही तो समर्थनीय ठरतो. वाहने वाढली की सायकलींची अट सैल होते. रुंदी मागितली आहे किमान दोन मीटर. म्हणजे ‘ट्रक फार, म्हणून सायकलमार्ग नको’ हे वाक्य साठ वर्षांपूर्वीच्या सरळ हिशेबाच्या नेमके उलटे आहे. वेगवान गाड्यांना हळू वाहनांची अडचण होऊ नये म्हणून याच जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला. त्यावर दुचाकीलाही मज्जाव आहे. वेगळेपणाचे तत्त्व आपल्याला पटलेले आहे, फक्त एका बाजूने.

रस्त्याच्या कडेला उतरून पाहा. साइडपट्टी काळ्या मातीची. पावसाळ्यात ती फुगते, चाकाला लोंदा धरतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि डांबराची कड तुटून खाली खाच तयार होते. सायकलवाला डांबर सोडत नाही तो माजाने नव्हे. त्यात माल उतरवायला थांबलेला ट्रेलर. चालक चाकाखाली दगड लावतो, जाताना तो तिथेच सोडतो. रात्री अकराला सुटलेल्या पाळीला दिवा नसलेल्या वळणावर तो दगड भेटतो.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे : पुण्यात सायकलमार्ग झाले आणि त्यांवर गाड्या उभ्या राहिल्या, टपऱ्या बसल्या. खरे आहे. पण चहा-नाश्त्याची टपरी कामगाराला लागते आणि थांबायची जागा ट्रकला लागते. आराखड्यात दोन्ही नसले की ती मिळेल तिथे उगवणारच. आधी ट्रकतळ, टपऱ्यांचे ओटे, शौचालय, आणि त्यांना लागून मुरूम दाबून केलेला मार्ग, असा क्रम धरला तर हा आक्षेप बराच ढिला पडतो.

पैशाचे रडगाणे मला फारसे पटत नाही. वसाहतीतले भूखंडधारक एमआयडीसीला सेवाशुल्क भरतात. अडचण हद्दीची आहे. एमआयडीसीचा अधिकार वसाहतीपुरता. देवळीत बाहेर पाऊल टाकले की राष्ट्रीय महामार्ग, इतरत्र सार्वजनिक बांधकाम विभाग नाही तर नगरपरिषद. आतला मार्ग कितीही चांगला केला तरी तो फाटकाशी संपेल आणि कामगार पुन्हा ट्रेलरच्या पुढ्यात येईल. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणे जिल्हाधिकाऱ्यांनाच शक्य आहे. त्यांच्याच जिल्हा उद्योग मित्र समितीपुढे वीज, पाणी आणि रस्ते हे विषय येतच असतात. रस्त्यांच्या विषयात फाटकापासून गावापर्यंतचे हे दोन मीटर घालायला वेगळा कायदा लागत नाही.