दिवाणखान्यातला कान, रस्त्यावरचा कान

१ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीस आला, तेव्हा त्या निळ्या-रुपेरी डबीत तांत्रिकदृष्ट्या नवे असे फारच थोडे होते. ‘प्रेसमन’ नावाचा पत्रकारांसाठीचा छोटा टेपरेकॉर्डर कंपनीकडे आधीपासूनच होता. त्यातील ध्वनिमुद्रणाची सोय आणि स्पीकर काढला, स्टिरिओ ऐकण्याची सोय बसवली, की झाला वॉकमन. खरी नवलाई तारेच्या दुसऱ्या टोकाला होती. सोनीच्याच सांगण्यानुसार त्या काळचे सर्वसाधारण हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचे असत. वॉकमनसोबत आलेला हेडफोन सुमारे ५० ग्रॅमचा होता.

आजचा धागा या तारेच्या टोकाविषयी. कानावर नुसता टेकणारा, वाटेवर न्यायचा हलका हेडफोन आणि कानाला सर्व बाजूंनी वेढणारा, घरी बसून ऐकायचा भारदस्त हेडफोन. या दोहोंतला पहिला म्हणजे दुसऱ्याची स्वस्त, काटछाट केलेली आवृत्ती, असे सर्रास मानले जाते. इतिहास पाहिला तर हे नाते इतके सरळ नाही.

प्रारंभी ऐकणे हे मुळी करमणुकीसाठी नव्हतेच. ते काम होते. १९१० साली अमेरिकेच्या नौदलाला युटा राज्यातून नॅथनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाचे एक पत्र आले. निळ्या-गुलाबी कागदावर जांभळ्या शाईने लिहिलेले ते पत्र पाहून कोणालाही विक्षिप्त माणसाचा उद्योग वाटला असता. पण सोबत पाठवलेली श्रवणयंत्रांची जोडी नौदलाने तपासली आणि ती हाताशी असलेल्या साधनांपेक्षा सरस निघाली. नौदलाने मागणी नोंदवली; पण बाल्डविन ही यंत्रे स्वयंपाकघरात बसून घडवीत असल्यामुळे एका वेळी दहाच बनवू शकत होता. बिनतारी संदेशातील क्षीण टिकटिक ऐकणाऱ्या माणसासाठी ती साधने होती. स्वरांच्या माधुर्याचा तेथे प्रश्नच नव्हता.

१९३७ साली जर्मनीतील बायर कंपनीने (आजची बायरडायनॅमिक) डीटी ४८ हा हेडफोन काढला. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलते आणि त्याला जोडलेला पडदा ध्वनी निर्माण करतो, हे स्पीकरचे तत्त्व त्यात कानाच्या मापात आणले होते. तत्त्व सिद्ध झाले, तरी सामान्य घरात हेडफोन शिरायला आणखी वीस वर्षे जावी लागली. घराला त्याची गरज भासली ती स्टिरिओ ध्वनिमुद्रिकांमुळे.

१९५८ सालची गोष्ट. मिलवॉकी शहरातील जॉन कॉस आपल्या सहकाऱ्यासह तेथील ध्वनियंत्रांच्या प्रदर्शनात एक नवे उत्पादन घेऊन गेला. काय होते ते? बरोबर नेता येईल असा रेकॉर्ड प्लेअर! एकट्याने ऐकता यावे म्हणून त्याला हेडफोन जोडलेला होता. लोकांनी रेकॉर्ड प्लेअरकडे फारसे लक्ष दिले नाही. सगळ्यांना हवा होता हेडफोन. डावा-उजवा ध्वनी इतका वेगळा, इतका जवळून त्यांनी पूर्वी ऐकलेलाच नव्हता. हा ‘एसपी/३’ पुढच्या साऱ्या घरगुती हेडफोनांचा पूर्वज ठरला. म्हणजे घरात बसून ऐकण्याचा हेडफोन जन्मला तो एका फिरत्या यंत्राच्या उपांगातून. हे ध्यानात ठेवावे, कारण वीस वर्षांनी याच्या नेमके उलट घडणार होते.

आता घरच्या हेडफोनला कशाची चिंता नव्हती ते पाहा. त्याला वजनाची चिंता नव्हती, कारण श्रोता खुर्चीत स्थिर. कॉसच्या प्रो/४एए या १९७० च्या सुमाराच्या हेडफोनच्या कानगाद्यांमध्ये चक्क द्रव भरलेला असे आणि त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास जाई. त्याला विजेचीही चिंता नव्हती, कारण तार भिंतीतून वीज घेणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० साली बाजारात आणलेल्या ‘इयरस्पीकर’मध्ये तारेचे वेटोळे नव्हतेच. अतिशय पातळ, विद्युतभारित पडदा दोन जाळ्यांमध्ये ताणलेला असे आणि त्यासाठी शेकडो व्होल्ट पुरवणारी वेगळी पेटी लागे. ध्वनीची सूक्ष्मता विलक्षण; पण श्रोता भिंतीला बांधलेला. दावणीला बांधलेला राजा म्हणावा तसा.

आणि जागेची चिंता नव्हती. मोठी वाटी कानाच्या पाळीसकट सारा कान आत घेते, पाळी दाबली जात नाही. बाह्यकर्णाच्या चुण्या हे निसर्गाने दिलेले ध्वनिसंस्काराचे साधन आहे. कानावर टेकणारा हेडफोन त्याच चुण्या दाबतो आणि कडेच्या फटींतून मंद्र स्वर निसटू देतो. घरच्या हेडफोनची बाजू येथे खरोखर बळकट आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने या घरातच सुरुंग लावला. त्यांच्या एचडी ४१४ ला बंद वाटी नव्हती. मागची बाजू उघडी, कानावर पिवळ्या स्पंजची पातळ गादी आणि एकूण बांधणी इतकी हलकी की जवळ ठेवलेल्या जुन्या हेडफोनने लाजावे. बाहेरचा आवाज आत येई, आतला बाहेर जाई. परंतु ध्वनी डोक्यात कोंडलेला न वाटता मोकळा वाटे. या हेडफोनच्या एक कोटीहून अधिक जोड्या विकल्या गेल्या. एचडी ४१४ हा घरचाच हेडफोन होता, कानावर टेकणारा असूनही! त्याचा विद्युत-रोध २,००० ओहम होता. खिशातल्या यंत्राने तो वाजवणे दुरापास्तच.

हा ओहमचा आकडा नीरस वाटेल, पण दोन हेडफोनांमधली खरी सीमारेषा तीच. पहिल्या वॉकमनमध्ये दोन पेन्सिल सेल असत, म्हणजे सारे मिळून ३ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टेजवर २,००० ओहमच्या हेडफोनला जितकी शक्ती मिळते, तिच्या साठपटींहून अधिक शक्ती ३२ ओहमच्या हेडफोनला मिळते. म्हणून ३२ ओहम हा पुढे वाटेवरच्या हेडफोनचा जवळजवळ प्रमाण आकडा झाला, तर घरच्यांमध्ये बायरडायनॅमिकच्या डीटी ८८० आणि डीटी ९९० सारख्या हेडफोनांच्या २५० आणि ६०० ओहमच्या आवृत्त्या निघत राहिल्या. एकाची प्रकृती भिंतीतल्या विजेवर पोसलेली, दुसऱ्याची दोन सेलांवर.

सोनीने उघडी पाठ आणि स्पंजची गादी हे एचडी ४१४ मध्ये सिद्ध झालेले तत्त्व आणखी सूक्ष्म केले. ध्वनिघटकाचा व्यास अवघा २३ मिलिमीटरवर आला. इतका छोटा घटक पुरेसा जोरात वाजायचा तर लहान आकारात प्रबळ असे चुंबक हवे. ते काम समेरियम-कोबाल्ट या नव्या मिश्रधातूने केले. याशिवाय वॉकमन संभवत नव्हता. स्वतः यंत्र ४०० ग्रॅमच्या आतबाहेर, आणि डोक्यावरही तितकेच ओझे ठेवून कोण चालले असते?

येथवर ही अभियंत्यांची कथा आहे. पण वाटेवरच्या हेडफोनने एक सामाजिक प्रश्नही उपस्थित केला, जो घरच्या हेडफोनने कधी केला नव्हता. स्वतःच्या खोलीत दार लावून ऐकणाऱ्या माणसाबद्दल कोणाची तक्रार नसते. भर रस्त्यात, शंभर माणसांमध्ये, दार लावून घेणाऱ्याचे काय? सोनीचे अकिओ मोरिता यांनीच लिहून ठेवले आहे की घरी नमुना वापरून पाहताना आपण वगळले गेलो असे त्यांच्या पत्नीला वाटले. म्हणून पहिल्या वॉकमनला दोन हेडफोनांची सोय ठेवली. शिवाय नारिंगी रंगाचे एक बटण होते. ते दाबले की संगीत मंद होऊन अंगच्या मायक्रोफोनमधून समोरच्याचे बोलणे ऐकू येई. पुढच्या यंत्रांत या सोयी टिकल्या नाहीत. लोकांना एकटेच ऐकायचे होते.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या वुडब्रिज गावाने तर १९८२ साली हेडफोन लावून रस्ता ओलांडण्यास बंदी घालणारा नियमच केला. कारण सुरक्षिततेचे दिले गेले. मला मात्र त्यामागे एक जुनी अस्वस्थताही दिसते. एकांत ही तोवर खोली असणाऱ्यांची मिरास होती. महागडा अ‍ॅम्प्लिफायर, आरामखुर्ची आणि बंद दार यांच्यासोबत ती येई. ५० ग्रॅमच्या स्पंजने ती बसमध्ये उभे राहणाऱ्यापर्यंत पोहोचवली. ध्वनीचा दर्जा थोडा उणा होता, हे खरे. पण ज्याला स्वतंत्र खोलीच नाही, त्याच्यासाठी तुलना घरच्या हेडफोनशी नव्हतीच. ती काहीही न ऐकण्याशी होती.

या कल्पनेचा जनक सोनीच होय, हेही निर्विवाद नाही. ब्राझीलमध्ये वाढलेल्या आंद्रेआस पावेल या जर्मन गृहस्थाने १९७७ सालीच इटलीत ‘स्टिरिओबेल्ट’चे पेटंट मागितले होते. वर्षानुवर्षे चाललेला तो वाद अखेर न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटला.

मग मोठ्या हेडफोनचे काय झाले? तो हळूहळू घराबाहेर पडला. १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीने त्रासलेल्या अमर बोस यांनी उलट्या ध्वनिलहरींनी गोंगाट पुसण्याची आकडेमोड सुरू केली. वडिलांकडून ते बंगाली. त्यातून पुढे जे हेडफोन आले, त्यांना कान पूर्ण झाकणे सोयीचे होते आणि जवळ बॅटरी असल्याने ते भिंतीला बांधलेलेही नव्हते. आज लोकलमध्ये दिसणारा कानवेढू हेडफोन तो हाच. उघड्या पाठीचा, मोकळ्या ध्वनीचा हेडफोन मात्र उलट वाटेने प्रामुख्याने शांत खोलीत परतला.

कानावर टेकणाऱ्यांपैकी एक जुना जिवलग अजून तगून आहे: कॉसचा १९८४ सालचा पोर्टा प्रो. कान दाबला जाण्याच्या मूळ दुखण्यावर त्यात एक साधा उपाय आहे. कानांच्या वर, कानशिलांवर टेकणाऱ्या स्पंजच्या दोन छोट्या गाद्या आणि एक सरकती कळ. ती सरकवून भार कानांवर किती आणि कानशिलांवर किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे.